रिव्हर्स प्रॉक्सी आणि लोड बॅलन्सर: एनजिनएक्स, एचएप्रॉक्सी, कॅडी व ट्रेफिक यांचे जळगावहून केलेले परीक्षण

जळगावात बसून आम्ही चौघे जी वेब ॲप्लिकेशने चालवतो, त्यांतले सर्वांत मोठे केळीच्या व्यवहाराचे आहे. रावेर, सावदा, फैजपूर आणि यावल या पट्ट्यातले बागायतदार व व्यापारी त्यावर त्या दिवसाचा भाव पाहतात, कापणीची नोंद करतात आणि ट्रक ठरवतात. दिवसातला बराच काळ सर्व्हर जवळजवळ मोकळे असतात. पण बऱ्हाणपूरच्या लिलावाचे आकडे आणि रावेरचा भाव ॲपवर चढला, की पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत सगळा तालुका एकदम दारात उभा राहतो. त्या दहा-पंधरा मिनिटांत पान उघडले नाही, तर फोन वाजतो आणि पलीकडून विचारले जाते, "काय भो, आज भाव नाही का निघाले?" भाव निघालेले असतात, फक्त ते दिसत नसतात, आणि हे समजावून सांगण्याचा प्रसंग दरवेळी आमच्यावरच येतो.

अशा वापरासाठी ॲप्लिकेशनच्या पुढे कोणता सर्व्हर उभा करावा, हा या परीक्षणाचा विषय आहे. एनजिनएक्स, एचएप्रॉक्सी, कॅडी आणि ट्रेफिक हे चारही आम्ही कमी-अधिक काळ प्रत्यक्ष कामात वापरले आहेत, आणि येथे जे लिहिले आहे ते त्यांच्या विनामूल्य, मुक्त स्रोत आवृत्त्यांबद्दल आहे. एका सेकंदात कोण किती विनंत्या हाताळतो, याचे तक्ते मी मुद्दामच दिलेले नाहीत; कारण आमच्या आकाराच्या कामात या चौघांपैकी कोणीही कमी पडत नाही, अडते ते नेहमी मागचे पायथॉन भाषेतले ॲप्लिकेशन आणि त्याच्याही मागचा डेटाबेस. मला महत्त्वाची वाटते ती कसोटी वेगळी आहे: मागचा एखादा सर्व्हर धड मेलेला नाही आणि धड जिवंतही नाही, अशा अवस्थेत गेला, तर पुढच्याला ते किती लवकर कळते आणि तो ते आपल्याला किती स्पष्टपणे सांगतो.

शब्दांचा घोळ आधी मिटवलेला बरा. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या फाटकावर ट्रॅक्टरांची रांग लागते, तेव्हा फाटकावरचा माणूस दोन कामे करतो. आत कोण जाणार, कोणत्या रस्त्याने जाणार, कागद कोणाला दाखवायचे, हे तो पाहतो, आणि आतल्या लोकांना बाहेरच्यांशी थेट बोलावे लागत नाही. हे रिव्हर्स प्रॉक्सीचे काम आहे. आत दोन वजनकाटे असतील, तर कोणती गाडी कोणत्या काट्यावर पाठवायची हेही तोच ठरवतो. हे लोड बॅलन्सरचे काम आहे. बहुतेक सॉफ्टवेअर ही दोन्ही कामे करते, म्हणून ही नावे एकमेकांच्या जागी वापरली जातात. पण काटा एकच असेल, तर दुसऱ्या कामाची गरजच उरत नाही, आणि खानदेशातल्या शंभरातल्या नव्वद संकेतस्थळांचा काटा एकच असतो, असे माझे स्वतःचे अनुमान आहे.

एनजिनएक्सपासून सुरुवात करणे भाग आहे, कारण सगळ्यांची सुरुवात तिथूनच होते. इगोर सिसोयेव या रशियन अभियंत्याने ते लिहायला घेतले २००२ मध्ये आणि लोकांसाठी खुले केले ऑक्टोबर २००४ मध्ये. त्या काळी एका यंत्रावर एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या, हा प्रश्न चर्चेत होता. प्रत्येक जोडणीला स्वतंत्र प्रक्रिया किंवा धागा देण्याची अपाची या जुन्या वेब सर्व्हरची तेव्हाची पद्धत तिथे अपुरी पडत होती. एनजिनएक्सने मोजक्याच कामगार प्रक्रिया ठेवून, प्रत्येकीने घटना घडेल तशी हजारो जोडण्यांची दखल घ्यावी, अशी रचना केली. पुढे २०१९ मध्ये एफफाइव्ह या कंपनीने एनजिनएक्स विकत घेतले आणि २०२४ मध्ये त्याच्या जुन्या विकासकांपैकी मॅक्सिम दुनिन यांनी फ्रीएनजिनएक्स ही वेगळी शाखा काढली. रोजच्या वापरात या घडामोडींनी आम्हाला काहीच फरक पडलेला नाही, तरी दहा वर्षांसाठी एखादी गोष्ट निवडताना तिची मालकी कोणाकडे आहे हे ठाऊक असलेले चांगले.

एनजिनएक्सचा सर्वांत मोठा गुण, जो तुलनांमध्ये फारसा मांडला जात नाही, तो म्हणजे बफरिंग. आमचे बरेच ग्राहक बागेत उभे राहून, सिग्नलच्या दोन काड्या असताना पान उघडतात. आमचे पायथॉन ॲप्लिकेशन चालवणाऱ्या गनिकॉर्न या सर्व्हरची साधी कामगार प्रक्रिया अशा ग्राहकाला थेट जोडली, तर पान पाठवून होईपर्यंत ती अडकून पडते, आणि अशा आठ-दहा ग्राहकांनी सगळा सर्व्हर व्यापला जातो. एनजिनएक्स मधे असेल, तर ते मागून उत्तर झटकन घेऊन स्वतःकडे ठेवते, प्रक्रियेला मोकळे करते आणि मग त्या मंद जोडणीला तिच्या गतीने घोट-घोट पाजत राहते. स्थिर फाइली, छायाचित्रे, डिस्कवरचा कॅश (तयार उत्तरांचा साठा) ही कामेही ते उत्तम करते. कॉन्फिगरेशनची भाषा वाचायला सोपी आहे, आणि जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये दुकान टाकून बसलेल्या एखाद्या मुलालाही ती थोडीफार येत असते, ही लहान गावात मोठीच सोय आहे.

त्याच्या खोडीही ठाऊक असाव्यात. 'प्रॉक्सी पास'च्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ असणे आणि नसणे यांचा अर्थ वेगळा होतो, आणि या एका रेघेपायी आमची एक आख्खी दुपार गेलेली आहे. अपलोडची मर्यादा मुळात, म्हणजे आपण काही न बदलता, १ मेगाबाइट असते, त्यामुळे शेतकऱ्याने मोबाइलवरून पावतीचे छायाचित्र टाकले, की ४१३ (फाइल फार मोठी) हा आकडा दिसतो आणि चूक ॲप्लिकेशनची असावी असे वाटत राहते. मागच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट ते मुळात ६० सेकंद पाहते. हे सगळे एकेका ओळीने बदलता येते. मात्र बदलायला हवे हे पहिल्या अपघाताशिवाय सहसा कळत नाही.

आमचा खरा अपघात मात्र याहून मोठा होता, आणि त्यात दोष आमच्याच मांडणीचा होता. दोन ॲप्लिकेशन सर्व्हर होते, पुढे एनजिनएक्स होते आणि वाटपाची पद्धत आम्ही 'लीस्ट कॉन' ठेवली होती. म्हणजे ज्याच्याकडे त्या क्षणी सर्वांत कमी जोडण्या चालू आहेत, त्याच्याकडे पुढची विनंती जाते. कागदावर ही पद्धत अतिशय शहाणपणाची वाटते. एका संध्याकाळी एका सर्व्हरची डिस्क लॉगच्या, म्हणजे कामकाजाच्या नोंदींच्या, फाइलींनी भरली आणि त्यावरचे ॲप्लिकेशन प्रत्येक विनंतीला तत्काळ ५०० क्रमांकाची चूक परत देऊ लागले. दुसरा सर्व्हर इमानाने पान बनवत होता, त्याला प्रत्येक पानामागे थोडा वेळ लागत होता, म्हणून त्याच्याकडे जोडण्या साचत होत्या. आणि बिघडलेला सर्व्हर काहीच काम न करता सगळ्यांना हाकलून देत असल्यामुळे त्याच्याकडे जोडण्या सतत कमी दिसत होत्या. परिणामी बहुतेक लोक नेमके त्याच्याचकडे पाठवले जात होते. जो काटा बिघडला आहे तिथे रांग नाही, म्हणून फाटकावरचा माणूस प्रत्येक ट्रॅक्टर तिकडेच वळवतो, तसा हा प्रकार झाला.

एनजिनएक्सच्या विनामूल्य आवृत्तीत मागच्या सर्व्हरची तपासणी निष्क्रिय पद्धतीची असते, म्हणजे खऱ्या ग्राहकाची विनंती फसली तरच तिला काही कळते. मुळातल्या मूल्यांप्रमाणे एकदा फसले की तो सर्व्हर १० सेकंद बाजूला ठेवला जातो आणि मग पुन्हा एखाद्या ग्राहकाच्या विनंतीवर त्याची परीक्षा होते. त्यातही जोडणी न होणे किंवा वेळ संपणे हेच अपयश धरले जाते. ५०० हे उत्तर आले, तर ते 'उत्तर आले' असेच मोजले जाते, जोपर्यंत आपण 'प्रॉक्सी नेक्स्ट अपस्ट्रीम'मध्ये ते अपयश म्हणून स्पष्ट लिहीत नाही. आम्ही ते लिहिलेले नव्हते. शिवाय ते लिहिले तरी नोंद टाकणाऱ्या पोस्ट विनंत्या मुळात दुसऱ्या सर्व्हरकडे पुन्हा पाठवल्या जात नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण एकच ट्रक दोनदा ठरवला जाणे हे पान न उघडण्यापेक्षा वाईट आहे. स्वतःहून ठरावीक वेळाने मागच्या सर्व्हरची चौकशी करणारी सक्रिय तपासणी एनजिनएक्स प्लस या सशुल्क आवृत्तीत मिळते. तिची वार्षिक किंमत पाहिल्यावर आमच्यापैकी कोणी दुसऱ्यांदा त्या पानावर गेले नाही.

त्यानंतर केळीचे काम एचएप्रॉक्सीकडे गेले. विली तारो यांनी ते २००१ मध्ये प्रथम प्रकाशित केले. हेच गृहस्थ पुढे अनेक वर्षे लिनक्स कर्नलच्या जुन्या शाखांची देखभाल करत होते, आणि त्या स्वभावाची छाप या सॉफ्टवेअरवर जागोजागी दिसते. त्याला जे येते तेच ते करते. डिस्कवरची फाइल ते ग्राहकाला देत नाही, पीएचपी चालवत नाही, वेब सर्व्हर असल्याचा आव आणत नाही. एसएसएलची, म्हणजे ग्राहकाशी सांकेतिक व सुरक्षित जोडणीची, सोयसुद्धा त्यात २०१४ मध्ये, १.५ या आवृत्तीत आली. तोपर्यंत त्यासाठी दुसरा प्रोग्राम पुढे बसवावा लागे. मागच्या सर्व्हरची सक्रिय तपासणी मात्र त्यात विनामूल्य आहे: मुळात दर २ सेकंदांनी विचारणा होते, लागोपाठ ३ वेळा फसले की सर्व्हर बाद होतो आणि लागोपाठ २ वेळा जमले की परत घेतला जातो.

यातही दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात, नाहीतर एचएप्रॉक्सी घेऊनही आमचीच गत होईल. सर्व्हरच्या ओळीत 'चेक' हा शब्द लिहिला नाही, तर तपासणी होतच नाही आणि तो सर्व्हर सदैव जिवंत समजला जातो. आणि नुसते 'चेक' लिहिले, तर फक्त पोर्ट उघडते की नाही एवढेच पाहिले जाते. डिस्क भरलेल्या आमच्या सर्व्हरचे पोर्ट व्यवस्थित उघडत होते. म्हणून एचटीटीपी तपासणी लावून ॲप्लिकेशनमध्ये तिच्यासाठी खास एक पत्ता करावा लागतो, जो खरोखर काहीतरी लिहून-वाचून पाहतो.

त्या पत्त्यात काय तपासावे, यावर आमच्यात बरीच वादावादी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पहिल्या उत्साहात आम्ही त्यात डेटाबेसची जोडणीही तपासली. एके दिवशी डेटाबेस काही सेकंद अडखळला, दोन्ही सर्व्हरांनी एकाच वेळी 'मी आजारी आहे' असे सांगितले, एचएप्रॉक्सीने दोघांनाही बाद केले आणि सर्व ग्राहकांना ५०३ (सेवा उपलब्ध नाही) दिसू लागले. एरवी जी पाने डेटाबेसला न विचारता कॅशमधून गेली असती, तीही बंद झाली. आता त्या पत्त्यावर सर्व्हर फक्त स्वतःपुरते बोलतो: डिस्कवर लिहिता येते का, प्रक्रिया उत्तर देतात का. डेटाबेस दोघांचाही सामाईक आहे, त्याच्या आजारपणाची वर्दी वेगळ्या वाटेने आमच्या मोबाइलवर येते.

आमच्या दृष्टीने एचएप्रॉक्सीचे सर्वांत मोलाचे अंग म्हणजे रांग. मागच्या प्रत्येक सर्व्हरला एका वेळी किती विनंत्या द्यायच्या, याची 'मॅक्स कॉन' ही मर्यादा घालता येते आणि त्यावरच्या विनंत्या एचएप्रॉक्सी स्वतःकडे रांगेत धरून ठेवते. भाव चढल्यावरच्या त्या दहा मिनिटांत याचा जो उपयोग होतो, तो पाहिल्याशिवाय पटत नाही. पूर्वी सगळी गर्दी थेट पायथॉनवर कोसळे, प्रत्येक विनंती दुसरीच्या पायात पाय घाली आणि सगळ्यांनाच उशीर होई. आता मागे ठरावीक संख्याच जाते, बाकीचे पुढे क्षणभर थांबतात आणि एकूण सर्वांचे काम आधी उरकते. एनजिनएक्सच्या विनामूल्य आवृत्तीत जोडण्यांची मर्यादा घालता येते, पण मर्यादेवरच्यांना रांगेत उभे करण्याची सोय सशुल्क आवृत्तीतच आहे, म्हणजे मर्यादा ओलांडली की ग्राहकाला दार बंदच दिसते.

लॉगबद्दल लिहिल्याशिवाय एचएप्रॉक्सीचे परीक्षण पुरे होणार नाही. प्रत्येक विनंतीच्या ओळीत ग्राहकाची विनंती येण्यास, रांगेत थांबण्यास, मागच्या सर्व्हरशी जोडणी होण्यास आणि त्याचे उत्तर येण्यास किती मिलिसेकंद लागले, हे वेगवेगळे लिहिलेले असते; शेवटी जोडणी कोणी व कशी संपवली, याची दोन अक्षरी खूण असते. 'एस-एच' दिसले, तर मागच्या सर्व्हरने उत्तराची सुरुवातच वेळेत केली नाही; 'एस-क्यू' दिसले, तर विनंती रांगेतच कंटाळली; 'सी-डी' दिसले, तर ग्राहकच वाटेत गळाला, आणि आमच्याकडे ही खूण बहुधा शेतातल्या सिग्नलची असते. यातल्या पहिल्या अक्षराची लिपी मोठी की लहान यावरही अर्थ बदलतो, म्हणून खुणांचा तक्ता आम्ही छापून भिंतीवर चिकटवला आहे. पूर्वी ग्राहकाचा फोन आला की आम्ही तिघे तीन ठिकाणी शोधत असू आणि चौथा अंदाज सांगत असे. आता आधी ती ओळ काढली जाते. सोबत आकडेवारीचे जे पान मिळते, ते दिसायला अगदी जुनाट आहे, पण कोणता सर्व्हर किती वेळ बाद होता, रांगेत किती जण आहेत, हे एका दृष्टिक्षेपात कळते. नवी आवृत्ती चढवताना एका सर्व्हरला 'ड्रेन' अवस्थेत टाकले, की चालू कामे पुरी होतात आणि नवी येत नाहीत. पूर्वी आम्ही यासाठी रात्री एक वाजेपर्यंत जागत होतो.

उणिवा आहेतच. कॉन्फिगरेशन समजायला एनजिनएक्सपेक्षा जास्त दिवस लागतात आणि ते शिकलेला माणूस जळगावात सहज मिळत नाही. एसएसएलचे प्रमाणपत्र आणि त्याची खासगी किल्ली नेहमीच्या पद्धतीत एकाच पेम फाइलीत जोडून द्यायची असते, हे पहिल्या वेळी प्रत्येकाला अडवते. आणि मघाशी सांगितलेले बफरिंग त्यात नाही. त्याचा बफर मुळात १६ किलोबाइटचा असतो, त्यामुळे मंद ग्राहक आणि गनिकॉर्न यांच्यामध्ये ते एकटे पुरत नाही. म्हणून आम्ही एनजिनएक्स काढून टाकले नाही, तर एक पायरी मागे नेले: सर्वांत पुढे एचएप्रॉक्सी, आणि प्रत्येक ॲप्लिकेशन सर्व्हरवर गनिकॉर्नच्या पुढे एनजिनएक्स. या दोघांतून एकच निवडायचा असा जो आग्रह दिसतो, तो मला निरर्थक वाटतो.

दोन प्रॉक्सी एकामागे एक आले, की ग्राहकाचा खरा आयपी पत्ता हरवतो, हा मात्र नवा व्याप मागे लागतो. पुढच्याने विनंतीसोबत जाणाऱ्या 'एक्स फॉरवर्डेड फॉर' या हेडरमध्ये (माहितीच्या ओळीत) पत्ता लिहायचा आणि मागच्याने फक्त ठरलेल्या यंत्राकडून आलेलाच तो हेडर खरा मानायचा, हे दोन्ही बाजूंनी लिहावे लागते. दुसरी बाजू आम्ही विसरलो होतो, आणि एनजिनएक्समधल्या विनंती-मर्यादेला सगळा तालुका एकाच पत्त्यावरून येत असल्यासारखा दिसला. तिने नियमाप्रमाणे सगळ्यांना अडवले.

पत्त्यांचा विषय निघालाच आहे, तर 'आयपी हॅश'बद्दलही सांगतो, कारण एकाच ग्राहकाला दरवेळी त्याच सर्व्हरकडे पाठवण्यासाठी ही पद्धत सर्रास सुचवली जाते. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना मोजक्या आयपीव्ही-४ पत्त्यांच्या मागे ठेवतात, आणि एनजिनएक्सचा 'आयपी हॅश' त्या पत्त्याचे पहिले तीनच भाग विचारात घेतो. शहरात, निरनिराळ्या कार्यालयांतून लोक येत असतील तर हे चालून जाते. पण एकाच पट्ट्यातले, एकाच कंपनीचे सिम वापरणारे शेतकरी येत असतील, तर निम्म्याहून जास्त गर्दी एकाच सर्व्हरवर जाऊन बसते, आणि आमच्याकडे ती बसली. ग्राहकाला चिकटवायचेच असेल तर एचएप्रॉक्सीची कुकीची पद्धत वापरावी. त्याहून चांगले म्हणजे सेशन, म्हणजे ग्राहकाच्या लॉगिनची माहिती, सर्व्हरच्या पोटात न ठेवता रेडिस या डेटा साठवणाऱ्या सॉफ्टवेअरसारख्या सामाईक जागी ठेवावे, म्हणजे चिकटवण्याची गरजच राहत नाही.

कॅडीचे प्रकरण याहून सुखाचे आहे. मॅट होल्ट यांनी ते २०१५ मध्ये गो भाषेत लिहिले आणि २०२० मध्ये त्याची दुसरी, जवळजवळ नव्याने लिहिलेली आवृत्ती आली. त्याकडे आम्ही वळलो ते एका सराफांच्या संकेतस्थळामुळे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी, जेव्हा जळगावच्या सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा त्या संकेतस्थळावर 'हे ठिकाण सुरक्षित नाही' अशी लाल पाटी झळकत होती. लेट्स एन्क्रिप्ट या विनामूल्य प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेचे ९० दिवसांचे प्रमाणपत्र आमच्या स्क्रिप्टने वेळेवर नवे आणले होते, फाइल जागेवर ठेवली होती. फक्त एनजिनएक्सला ती पुन्हा वाचायला सांगणारी ओळ आम्ही लिहिली नव्हती, आणि ते जुनेच प्रमाणपत्र स्मरणात धरून बसले होते. शेठजी आम्हाला काही बोलले नाहीत, फक्त "दादा, आजच?" एवढेच म्हणाले, आणि ते बोलण्यापेक्षा लागले.

कॅडीत हा सगळा प्रकारच नाही. कॅडीफाइलमध्ये संकेतस्थळाचे नाव लिहायचे, खाली रिव्हर्स प्रॉक्सीची एक ओळ लिहायची. प्रमाणपत्र मागणे, बसवणे आणि मुदतीआधी बदलणे हे ते स्वतः करते. वेबसॉकेटसाठी (सतत उघड्या राहणाऱ्या दुतर्फा जोडणीसाठी) वेगळे हेडर लिहावे लागत नाहीत, एचटीटीपी-३ ही वेबची नवी आवृत्ती आपोआप चालू असते आणि सक्रिय तपासणीही विनामूल्य मिळते. एनजिनएक्सनेही २०२५ मध्ये प्रमाणपत्रांसाठी स्वतःचे मॉड्यूल आणले आहे, तरी तीन ओळींत काम संपवण्याची कॅडीची सहजता त्यात अजून नाही. धुळ्याचा एखादा क्लास, नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्याची मालाची यादी, चोपड्याचे एखादे रुग्णालय अशा एका सर्व्हरवरच्या सर्व कामांना आम्ही आता कॅडीच बसवतो. एक सावधगिरी सांगतो: कॅडी कंटेनरमध्ये, म्हणजे यंत्रावरच्या स्वतंत्र बंद कप्प्यात, चालवत असाल, तर त्याचा डेटा कंटेनरच्या बाहेर कायम राहील अशा जागी ठेवा. नाहीतर प्रत्येक पुनर्बांधणीला ते नवे प्रमाणपत्र मागते, आणि त्याच नावांसाठी आठवड्यात ५ पेक्षा जास्त प्रमाणपत्रे लेट्स एन्क्रिप्ट देत नाही. तयार मॉड्यूलांपलीकडचे काही हवे असल्यास बायनरी, म्हणजे चालवायची तयार फाइल, पुन्हा बांधावी लागते, हीही गैरसोय आहे. आणि लॉग मुळात जेसनमध्ये असल्याने डोळ्यांनी वाचायला एचएप्रॉक्सीच्या ओळीसारखे घट्ट नाहीत.

ट्रेफिकबद्दल माझे मत थोडे राखीव आहे. त्याचीही पहिली पावले २०१५ चीच. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कंटेनर उभा राहिला, की त्यावरची लेबले वाचून ट्रेफिक स्वतःच रस्ता तयार करते आणि कंटेनर गेला की रस्ता मोडते. ज्यांच्याकडे दिवसातून अनेकदा कंटेनर येतात-जातात, त्यांना ही जादू हवीहवीशी वाटेल. आमच्याकडे कंटेनर महिन्यातून दोनदा बदलतात. लेबलात एक अक्षर चुकले, तर कसलीही आरडाओरड न होता ४०४ दिसते आणि नियमातल्या त्या उलट्या अवतरणचिन्हांनी आम्हाला बराच छळ दिला. पहिल्या आवृत्तीवरून २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीवर जाताना सगळी मांडणी नव्याने लिहावी लागली होती, हेही आठवते. शिवाय ते डॉकरच्या सॉकेटशी, म्हणजे त्याला हुकूम देण्याच्या दाराशी, बोलते, आणि ते सॉकेट ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळे यंत्र; ही जोखीम समजून मधे निर्बंध घालणारे काही बसवले नाही, तर मी ते कोणाला सुचवणार नाही.

अपाचीचे प्रॉक्सी मॉड्यूल जिथे आधीच अपाची चालते आहे तिथे पुरेसे आहे, निव्वळ त्यासाठी अपाची आणू नये. एनव्हॉय हा आणखी एक प्रॉक्सी शेकडो सेवा एकमेकींशी बोलतात अशा कंपन्यांसाठी आहे. क्लाउड कंपन्यांचे तयार लोड बॅलन्सर चांगले असतात, पण त्यांचे तासाचे भाडे दिवसभर मोकळ्या बसणाऱ्या ॲपलाही तितकेच लागते.

राहिला तो एक प्रश्न, जो आम्हाला एका व्यापाऱ्यानेच विचारला होता: दोन काटे झाले, पण फाटकावरचा माणूस एकच आहे, तो आजारी पडला तर? यावरचे प्रचलित उत्तर म्हणजे दोन यंत्रांवर एचएप्रॉक्सी आणि त्यांच्यात कीपअलाइव्हड, जे एक सामाईक आयपी पत्ता पहिल्याकडे ठेवते आणि तो गप्प झाला की दुसऱ्याकडे देते. आमच्या भाड्याच्या यंत्रांवर असा पत्ता इकडून तिकडे फिरवण्याची परवानगी मिळाली नाही, त्यामुळे सध्या दुसरे यंत्र तयार ठेवून डीएनएसमधली (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतली) नोंद हाताने बदलण्याची सोय केली आहे आणि नोंदीची मुदत ६० सेकंद ठेवली आहे. महिन्यातून एकदा, पहाटे केळीच्या गाड्या निघून गेल्यावर, आम्ही पहिले यंत्र मुद्दाम बंद करून ही तालीम करतो. मागच्या वेळी दुसऱ्या यंत्रावरचे प्रमाणपत्र जुने निघाले. ते आता दोन्हीकडे एकाच स्क्रिप्टने जाते, आणि त्या स्क्रिप्टच्या शेवटी एचएप्रॉक्सीला फाइल पुन्हा वाचायला सांगणारी ओळ आहे की नाही, हे चौघांनीही वेगवेगळे पाहिले आहे.